सपाट आवाजाच्या आपा

आपा रागावल्या, घाबरल्या, हसल्या किंवा कुणाच्या लग्नात पंगतीला बसल्या, तरी त्या मिनिटाला ऐंशी शब्दच बोलायच्या. एकदा भर वर्गात पंख्याच्या तारेनं पेट घेतला. आपा तेव्हा आम्हाला सहकारी संस्थांवरचा उतारा सांगत होत्या. आवाज न चढवता, वेग न बदलता त्या म्हणाल्या, "सभासदांनी वेळोवेळी भागभांडवलाची उभारणी करावी आणि वर तार पेटली आहे तरी मागच्या रांगेतील कोणीतरी मेन स्विच बंद करावा." आम्ही सगळ्यांनी ते वाक्य इमानदारीत लिहून घेतलं. उठलं कुणीच नाही. शेवटी आपांनीच जाऊन स्विच पाडला आणि परत येऊन विचारलं, "मागच्या रांगेत माणसं बसलीत, का नुसत्या पिशव्या ठेवल्यात?" तेही मी लिहिलं होतं.

आपा म्हणजे आमच्या शॉर्टहँडच्या बाई. औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. आपा म्हणजे थोरली बहीण, पण त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही त्यांना आपाच म्हणायची. गिरणीवाला म्हणायचा, घरमालक म्हणायचा. खरं नाव खाली पाटीवर लिहिलेलं होतं, पण पाटीवर इतकं पीठ बसलेलं असायचं की ते नाव वाचलेला माणूस मला भेटलेला नाही.

ज्यांना ही विद्या ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोरचा बोलतो त्या वेगानं कागदावर रेघा, टिंबं आणि हुकासारखे आकडे काढत जायचे आणि नंतर त्याच जंगलातून त्याचं भाषण शब्द न् शब्द परत बाहेर काढायचं. पातळ रेघ ओढली तर एक अक्षर, तीच जरा दाबून ओढली तर दुसरं. बोट जरा थकलं की 'बाग'चा 'पाक' होतो. आमच्या शहरात हायकोर्टाचं खंडपीठ, शिवाय ढीगभर सरकारी कचेऱ्या. त्यामुळे या रेघांना नोकरीची हमी होती. फक्त मला नोकरी नको होती. मला टाळ्या हव्या होत्या.

कॉलेजात मी एकांकिकांमधून कामं करायचो. खोट्या मिशा लावून मी जितक्यांदा मेलो, तितक्यांदा कुठला खरा सरदारही मेला नसेल. आमचे वडील, ज्यांना मी नाना म्हणायचो, चितेगावच्या एका कारखान्यात पाळ्या करायचे. एकदा माझं मरण बघायला आले आणि घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाले, "नाटकं लई झाली. आता अशी कला शीक, जिच्यात महिन्याला पगार असतो."

तर मी आपांसमोर उभा राहिलो. त्यांनी नाव विचारलं. मी पोटातून आवाज काढून नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि पुंडलिकनगर असा पत्ता सांगितला. आपांनी चष्म्यावरून बघितलं.

"नाव सांगितलंस का पोवाडा म्हणलास?"

वर्ग हसला.

"बैठ, हीरो," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून औरंगपुऱ्यात मी हीरो झालो. पडद्याविना, मिशीविना.

सकाळी सातला आपा दाराला कडी लावायच्या. उशिरा येणाऱ्याला परत पाठवत नसत, पण आतही घेत नसत. त्यानं जिन्यात बसायचं आणि दारामागून येणारा आवाज ऐकून लिहायचं. खाली गिरणी घरघरतेय, पायऱ्या थरथरतायत, डोक्यावर बाजरीचं पीठ पडतंय आणि आत आपा संथपणे जलसंधारणाचं महत्त्व सांगतायत. जिन्यात तरुण बसलेला माणूस पांढऱ्या केसांचा होऊन वर यायचा. आपा त्याची वही बघायच्या आणि म्हणायच्या, "आतल्यांपेक्षा बरं लिहिलंस. उद्या पण उशिरा ये." यातला टोमणा कुठं संपतो आणि सल्ला कुठं सुरू होतो, ते मला कधीच कळलं नाही. पण जिन्यातली माणसं पुढं पटापट पास झाली, एवढं मात्र बघितलं.

त्यांचं आवडतं वाक्य एकच होतं. कुणी म्हणालं, आपा, आज हात चालत नाही, डोकं दुखतंय, जमत नाही, की त्या म्हणायच्या, "चांगला नको येऊ. रोज ये." आणि पान भरायला लावायच्या. एकच रेघ, वरपासून खालपर्यंत. मग उलट बाजूनं. पेन्सिल दोन्ही बाजूंनी टोकदार करून आणायची, एक टोक झिजलं की हातातल्या हातात फिरवायची. क्लासला सुट्टी नावाची गोष्ट नव्हती. दिवाळीच्या पाडव्याला क्लास. ईदला क्लास, फक्त थोडा उशिरा आणि शीरखुर्म्यासह. पण तो शीरखुर्मा टेबलावर, आमच्या नाकासमोर, सगळं डिक्टेशन संपेपर्यंत झाकून ठेवलेला. गार शीरखुर्मा हाच खरा शीरखुर्मा, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

मला त्या दिवसांचं काय आठवतं विचाराल, तर झोप. न झालेली झोप. सगळा वर्गच झोपेचा भुकेला होता. कुणी दिवसभर दुकानात उभं राहायचं, कुणी पैठण रोडवरच्या गावातून पहिल्या एसटीनं यायचं. आमच्याच पुंडलिकनगरमधल्या सुनंदाताई तर पोरांचे डबे, सासूचा चहा, नवऱ्याची इस्त्री असं सगळं उरकून स्कूटीवर यायच्या. वयाच्या अटीमुळं त्यांना त्या वर्षीच परीक्षा काढायची होती. पुढच्या वर्षी त्यांचं नाव कुठल्याच भरतीत बसणार नव्हतं. तरी माझी मान लवंडली की कोपर मारून त्याच मला जागं करायच्या. "हीरो, घोर कमी. आपांचा आवाज ऐकू येईना."

खरं तर तो आवाजच कमी व्हायला लागला होता.

आधी नुसती खाकर होती. मग आपांच्या टेबलावर कोमट पाण्याचा थर्मास आला. मग ज्येष्ठमधाच्या काड्या आल्या. उतारा सांगताना एखादा शब्द मधूनच हवेचा व्हायचा आणि त्या तो पुन्हा, त्याच वेगात उच्चारायच्या. सुनंदाताई त्यांना बळजबरीनं घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. आवाजाच्या पडद्यावर गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही. नाहीतर हा आवाज जाईल आणि परत येईल याची मी खात्री देत नाही.

आमची परीक्षा महिना-दीड महिन्यावर होती.

आम्ही सगळ्यांनी हात जोडले. आपा, बंद ठेवा क्लास. आम्ही घरी करतो सराव. आपांनी ऐकून घेतलं, थर्मासचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "घरी तुम्ही काय करता ते तुमच्या वह्या सांगतात मला. परीक्षा होऊ द्या, मग गप बसते. कायमची बसते. मग तर झालं?" या विनोदावर त्या एकट्याच हसल्या. दुसऱ्या दिवशी सातला कडी लागली.

पुढं जे झालं ते फक्त आपांच्याच वर्गात होऊ शकलं असतं.

उतारा शेतीमालाच्या साठवणुकीवरचा होता. आपा उभ्या राहून सांगत होत्या. "गोदामांची संख्या वाढविणे ही काळाची गरज असून शेतकऱ्यांनी" इथपर्यंत शब्द आले आणि थांबले. आमच्या पेन्सिली कागदाला टेकलेल्या. मान वर करायची नाही, ही आपांची शिकवण. मान वर केली की पुढचा शब्द हुकतो. आपा कधीकधी मुद्दाम मध्येच थांबायच्या, आमची परीक्षा बघायला. त्यामुळं आम्ही थांबलो. शेतकऱ्यांनी काय करावं याची वाट बघत आख्खा वर्ग खाली मान घालून बसला. खाली गिरणी चालू होती. कुणाची बाजरी संपली, कुणाची ज्वारी सुरू झाली. तरी आम्ही बसलेलोच. अशी शिस्त मी पुढं कुठल्या साहेबाच्या दालनातही बघितली नाही.

शेवटी थर्मास पडल्याचा आवाज आला, म्हणून सुनंदाताईंनी वर बघितलं. आपा दोन्ही हातांनी गळा धरून उभ्या होत्या. ओठ हलत होते. बहुधा पुढचं वाक्यच सांगत होत्या. ऐंशीच्याच वेगात.

त्यानंतर डॉक्टरांना काही सांगावं लागलं नाही.

आम्हाला वाटलं, क्लास संपला. पण दुसऱ्या दिवशी सातला आपा हजर. गळ्याला पांढरा रुमाल, हातात लाकडी पट्टी आणि पोरांची असते तसली पाटी. पाटीवर लिहिलं होतं : हीरो वाचेल.

मला काय सांगू तुम्हाला! रंगभूमीनं मला टाकलं होतं, पण शॉर्टहँडनं बोलावलं. मी उतारा हातात घेतला. विषय शहराचा पाणीपुरवठा. मी पहिल्या वाक्याला पाणी कमी आवाजात आणलं, दुसऱ्या वाक्याला जायकवाडीतून उचललं, आणि 'नागरिकांचे अतोनात हाल होतात' या ठिकाणी तर माझा गळा दाटून आला. टाळ्यांऐवजी पट्टी टेबलावर फाडकन आपटली.

"अरे," सुनंदाताई पेन्सिल टाकून म्हणाल्या, "आमच्या गल्लीत आठवड्यात एकदाच येतंय पाणी. आम्ही रडलो का?"

आपांनी पाटीवर लिहिलं : सपाट.

मी पुन्हा सुरू केलं. आपा पट्टीनं टेबलावर ठेका धरायच्या, मिनिटाला ऐंशीचा, आणि मी त्यावर शब्द ठेवत जायचो. चांगलं वाक्य आलं की मला मोह व्हायचा. जरा सूर लागला की पट्टी. जरा विराम घेतला की पट्टी. सपाट वाचणं म्हणजे काय असतं ते त्या महिन्यात कळलं. रडून दाखवणं सोपं असतं. रोज, त्याच उंचीवर, त्याच वेगात, स्वतःला मधे न आणता तासभर बोलत राहणं म्हणजे डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालणं. घरी पोहोचलो की मी जेवणाआधीच आडवा व्हायचो. आपा हे वर्षानुवर्षं, दोन-दोन बॅचना, उभ्यानं करत आल्या होत्या.

एक अडचण मात्र माझ्या लक्षात आली नव्हती, ती आपांच्या आली. वाचणारा मी, तर मी लिहिणार कधी? परीक्षा मलाही होती. एका सकाळी त्यांनी पाटी माझ्यापुढं धरली : घरी कोण वाचतं?

घरी वाचणारे म्हणजे नाना. ते तिसऱ्या पाळीवरून यायचे, तेव्हा मीही क्लासहून पोहोचलेला असायचो. डोळे तांबडे, अंगाला ऑइलचा वास. पण "आपांनी सांगितलंय" म्हटल्यावर त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि पेपर उघडला. आपांचा शब्द आमच्या घरात न भेटताही चालायचा.

"नाना, सपाट वाचा बरं का."

"व्हय रे. सपाटच झालोय मी."

आणि मग ते डिक्टेशन! "कापसाच्या भावात घसरण झाल्यामुळे... बघ, म्या काय म्हणलं होतं तुझ्या मामाला! ... शेतकरी वर्गात नाराजीचे वातावरण असून..." मी मामासकट लिहून घ्यायचो. पुढं "मंत्रिमहोदय म्हणाले की," इथं वाक्य थांबायचं आणि मंत्रिमहोदय घोरायला लागायचे. मी पेन्सिल टेकवून, मान खाली घालून वाट बघायचो. मग दचकून नाना उठायचे. "कुठं होतो?"

"मंत्री बोलतायत."

"ते काय, बोलतच असतात." आणि पुढं सुरू.

आई म्हणायची, अहो, झोपा आता, पडाल पाळीत. नाना म्हणायचे, एवढा कॉलम होऊ दे. महिनाभर तो माणूस कारखान्यातून येऊन आधी माझ्यासाठी थकायचा आणि मग झोपायचा.

परीक्षेत सुनंदाताई चांगल्या पास झाल्या. मी घासून पास झालो. काही जण राहिले, ते पुढच्या खेपेला निघाले. निकाल सांगितला तेव्हा नानांनी एवढंच विचारलं, "मग आता पेपर मनातल्या मनात वाचू का?"

आपांचा आवाज काही महिन्यांनी परत आला. म्हणजे जो आला त्याला आवाज म्हणायचं की आवाजाचा कोंडा, हा प्रश्न होता. डिक्टेशन त्यांना पुन्हा कधी देता आलं नाही. पास होऊन गेलेली माणसं आळीपाळीनं सकाळी वाचायला यायची. नोकरी लागल्यावर मीही बरीच वर्षं गेलो. आपा पट्टी धरून बसायच्या आणि वह्या तपासायच्या. एक बदल मात्र झाला. खाली पाटीवरचं पीठ पुसून त्यांनी स्वतः लिहिलं : रविवारी बंद. रविवारी कुणी भक्तिभावानं आलंच तर जिन्यातूनच त्याला हाकलायच्या.

मी एकदा त्यांना डिवचलं. "आपा, तुम्हीच म्हणायच्या ना, चांगला नको येऊ, रोज ये?"

 शब्द मोजून वापरायची सवय त्यांना लागली होती.

"मेहनतीनं गळा नाय गेला, हीरो. जिद्दीनं गेला. मेहनत माणसाला विचारते, झेपतंय का? जिद्द कायकू विचारेल?" मग वही पुढं ओढत म्हणाल्या, "सोमवारी सातला कडी लागते. ते नाय बदललं."

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. मी कोर्टात लघुलेखक आहे. माझ्या मनगटाला पट्टा आहे, मानेला पट्टा आहे, आणि घरात माझी मुलगी मोबाइलसमोर बोलते तर तो आपोआप मराठी लिहितो. चुकतो, पण माझ्यासारखा थकत नाही. क्लासमध्ये पोरं कमी होत गेली. शेवटी कटकट गेटजवळच्या भावाच्या घरी आपा दोघा-तिघांनाच शिकवायच्या. मग तेही थांबलं. मी अधूनमधून जायचो. त्यांना कटकट नको म्हणून कमी जायचो, असं मी बायकोला सांगायचो. खरं कारण, त्यांना थकलेलं बघायला पाय उचलत नसत.

शेवटचा गेलो तो ऑफिसमधून थेट. खांद्याला पिशवी, डोळ्यांत दिवसभराचे निकाल. आपा पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, अगदी लहान दिसत होत्या. त्यांच्या वहिनींनी चहा आणला. काय बोलावं सुचेना, तेव्हा माणूस आपली मर्दुमकी सांगतो. मी म्हणालो, आपा, तुमचा चेला आहे, कित्येक वर्षांत एक रजा घेतली नाही. ताप असला तरी गेलो. साहेब सगळ्यांना माझं उदाहरण देतात.

मला वाटलं, खूश होतील. त्यांनी माझ्या मनगटाच्या पट्ट्याकडे बघितलं, मग मानेकडे.

"कुणाला सांगतोस?" त्यांचा आवाज कागद घासल्यासारखा. "मला?"

मी हसलो.

"उद्या सुट्टी टाक. झोप."

"नाही हो आपा, उद्या लई काम आहे."

"मला पण होतं," आपा म्हणाल्या.

बस, एवढंच. मग त्यांनी चहाकडे बोट दाखवलं, गार होतोय म्हणून. मी चहा घेतला, नमस्कार केला, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. खरंच खूप काम होतं.

त्याच महिन्यात एका सकाळी सुनंदाताईंचा फोन आला. त्या आता निवृत्तीला आल्यात. म्हणाल्या, "आपा गेल्या रे."  

मी रजा टाकली. कबरस्तानात आमच्या कितीतरी बॅचची माणसं आली होती. टक्कल पडलेली, चष्मे लागलेली, कुणी साहेब झालेली. गिरणीवाल्याचा मुलगा आला होता. मौलवींनी दुआ पढली आणि सगळे मान खाली घालून उभे राहिले. मीही एक मूठ माती दिली. सुनंदाताई आपांच्या घरी बायकांमध्ये बसल्या होत्या, त्यांना भेटून दुपारी मी पुंडलिकनगरला आलो. हातपाय धुतले. साहेबांचा फोन येऊन गेला होता, तो परत लावला नाही. पंखा लावला आणि भर उन्हाच्या वेळी, अंगात शर्ट तसाच ठेवून आडवा झालो.

जाग आली तेव्हा खोलीत अंधार पडायला लागला होता. बायको दारात चहा घेऊन उभी होती. इतक्या वर्षांत मला दुपारी झोपलेलं तिनं बघितलं नव्हतं. तिनं कपाळाला हात लावून बघितला.

"बरं नाही का वाटत?"

"बरं आहे," मी म्हणालो. "आपांनी सांगितलं होतं."